दरडीच्या आधी जागा द्या, हक्क शाबूत ठेवून



मृग तोंडावर आलाय. घरं शाकारून झाली, राब भाजून झाला, आणि दरसालप्रमाणे वाड्यांवर नोटिसाही आल्या. वस्ती धोक्याची आहे, अतिवृष्टीत सुरक्षित ठिकाणी जावे, एवढाच मजकूर. कुठं जायचं ते त्यात नाही. जनावरं कुठं बांधायची, दळीची राखण कोण करणार, तेही नाही. बैठकीत याच्यावर दोन बाजूंनी भांडण झालं, म्हणून या अंकात संघटनेची भूमिका मांडत आहोत.

इर्शाळवाडी आपण विसरलो नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री माणसं झोपायच्या वेळेला डोंगर खाली आला. 228 वस्तीची ठाकरांची वाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत. वर रस्ता नव्हता, म्हणून यंत्रं पोचली नाहीत, माती हातांनी उपसली. चौथ्या दिवशी शोध थांबवला. तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस पडला आणि ही वाडी दरडीच्या धोक्याच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच विधानसभेत सांगितलं. त्याआधी 2005 ला महाडकडे जुई आणि दासगाव, 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, 2021 ला तळिये.

जुनी माणसं म्हणतात, पाऊस आधीही पडायचा. खरं आहे. पण आता पडण्याची तऱ्हा बदलली. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्रही तापतोय. मग महिनाभराचा पाऊस तीन-चार दिवसांत कोसळतो. आपल्या डोंगराला खाली काळा कातळ, वर माती आणि मुरूम. पाणी मुरून कातळावर अडतं, वरची माती जड होते, तिची पकड सुटते. हवा तापवली ती कोळसा आणि तेल जाळणाऱ्यांनी. आपल्या चुलीच्या काटक्यांनी नाही.

मग धोका दिसत असून माणसं खाली का येत नाहीत? बाहेरचे म्हणतात, आदिवासी अडाणी आहे, हट्टी आहे. खरं कारण आपल्याला ठाऊक आहे. वाडी सोडली तर उद्या फॉरेस्टवाला म्हणेल, तुम्ही इथं राहतच नाही, तुमचा दावा कसला? आणि इथं आम्हाला आमचीही चूक कबूल केली पाहिजे. जागा सोडू नका, ताबा सोडू नका, हे इतकी वर्षं आम्हीच सांगत आलो. जमीन वाचवण्यासाठी ते बरोबर होतं. पण पावसाच्या रात्री उताराखाली लेकरं झोपवून ताबा राखायचा नसतो, हे आम्ही तितक्याच जोरानं सांगितलं नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्यानं 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली जमीन वारसानं पुढच्या पिढीला जाते. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला तिथून काढता येत नाही. जंगलाच्या आत घर पाहिजेच असंही नाही. उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असलेला माणूस हक्कदार आहे, असा खुलासा केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं 2008 मध्येच केला. म्हणजे घर पायथ्याला आलं तरी दळी आपली, डिंक आपला, शेवळं आपली.

अडचण घराच्या जागेची आहे. वस्तीजवळच्या वनजमिनीवर आदिवासींना घरं बांधता यावीत म्हणून राज्यपालांनी 2020 मध्ये अधिसूचना काढली. पण ती अनुसूचित क्षेत्रापुरती. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे डहाणूच्या आदिवासीला जो रस्ता आहे, तो कर्जत, खालापूर, पनवेलच्या आदिवासीला नाही. डोंगर दोघांनाही सारखाच.

आपल्यासारखीच वेळ दूरच्या माणसांवरही आली आहे. पनामा देशात गुना आदिवासी समुद्रातल्या बेटांवर राहतात. पाणी चढत चाललं तेव्हा गार्डी सुगदुब बेटाच्या लोकांनी 2010 च्या सुमारास स्वतःच ठरवलं की किनाऱ्यावर जायचं, आणि तेही आपल्याच जमातीच्या जमिनीवर. 2024 मध्ये सुमारे 300 कुटुंबं गेली. उत्तरेला अलास्कात न्यूटॉक हे युपिक लोकांचं गाव. तिथली बारमाही गोठलेली जमीन वितळून नदीत ढासळू लागली. गावानं जागा निवडली, 2003 मध्ये बदल्यात जमीन मिळवली, तरी पहिली घरं हलली 2019 मध्ये. दोन्हीकडे सरकारनं उशीर केला. पण जायचं कुठं हे गावानं ठरवलं, आणि ते बुडायच्या आधी निघाले.

इर्शाळवाडीला घरं मिळाली ती माणसं गेल्यावर. वर्षानंतरच्या पावसाळ्यातही वाचलेले लोक चौकला कंटेनरमध्येच होते. 44 घरं बांधायचं काम सिडकोला दिलं. 1970 पासून 95 गावांच्या जमिनीवर अख्खं शहर उभं करणाऱ्या सिडकोला 44 घरं काय जड होती? आणि नवी मुंबईच्या नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी इर्शाळच्याच पायथ्याशी साठतं. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी आहेत, खाली मोठाले टॉवर. शहराला डोंगराचं पाणी पाहिजे, तर डोंगरातल्या माणसाला निवाऱ्याची जागा देणं हे उपकार नव्हेत.

म्हणून ग्रामसभांनी पावसाच्या आधी एवढं करावं.

1. जाणत्या माणसांना घेऊन उतार फिरा. नवी भेग, कलती झाडं, नव्या जागी फुटलेला झरा, अचानक गढूळ झालेलं पाणी, हे सगळं लिहून काढा. यादी साहेबांची येईल तेव्हा येईल, आपली आधी पाहिजे.

2. सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवून रोज पाऊस मोजा. दोन-तीन दिवस लागून पडला, डबा भरत चालला, की रात्र व्हायच्या आत खाली या. म्हातारी, बाळंतीण, लेकरं आधी.

3. नवी जागा कुठली, किती, जनावरांना गोठा कुठं, हे ग्रामसभेत ठरवून ठराव करा. त्यात स्पष्ट लिहा: राहतं घर हलवत आहोत, वनहक्क सोडत नाही.

4. दाव्याच्या प्रती प्लास्टिकमध्ये बांधून खाली ओळखीच्या घरी ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

सरकारकडं मागणी एकच. 2020 ची सवलत रायगडच्या आदिवासींना लागू करा, आणि ग्रामसभेनं दाखवलेल्या जागेवर दरडीच्या आधी घरं द्या. हे ठराव घेऊन आपण बेलापूरला कोकण भवनावर जाणार आहोत. तारीख पुढच्या बैठकीत ठरेल. प्रत्येक वाडीनं आपला ठराव सोबत आणावा.

तोवर उताराखाली झोपू नका. ताबा आपला आहे. तो राखायला माणूस जिवंत पाहिजे.