रॉडखालचा माणूस

'मॅडम, एक सांगू का?' असं जिममध्ये कुणी विचारतं तेव्हा नाही म्हणायला सवडच नसते. खांद्यावर रॉड असतो, श्वास पोटात कोंडून धरलेला असतो, नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली असते. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. पाय अजून लांब घ्या, कंबर सरळ ठेवा, एवढं वजन कशाला, आधी महिनाभर ट्रेडमिल करा. एवढं सांगून तो आपल्या मशीनकडे निघून जातो, आणि ज्याच्या खांद्यावर वजन आहे त्याला ते घेऊन उठायचं असतं.

ठाण्यातल्या आमच्या लहानशा जिममध्ये हे सतत घडतं. ऐकून घेणारी बहुतेक वेळा एखादी बाई असते, नाहीतर जाडा मुलगा, नाहीतर साठी ओलांडलेले एखादे काका. ज्याचे दंड भरलेले आहेत त्याची पाठ डेडलिफ्टमध्ये धनुष्यासारखी वाकली तरी त्याला सांगायला कुणी जात नाही. चूक किती मोठी आहे यापेक्षा माणूस कोण आहे हे बघून सल्ला दिला जातो, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

माझं मत ठाम आहे. समोरच्याला आत्ता, या क्षणी इजा होईल असं दिसत नसेल, तर त्याने विचारल्याशिवाय बोलू नये. आपलं म्हणणं बरोबर असलं तरी बोलू नये.

कारण आपल्याला दिसतो तो एक सेट. आमच्याकडे एक काकू येतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. त्या रॅकला धरून अर्ध्यापर्यंत बसतात आणि उठतात. किती खाली जायचं, किती वेळा, मध्ये किती थांबायचं, हे सगळं त्यांच्या फिजिओथेरपिस्टने कागदावर लिहून दिलेलं आहे आणि तो कागद त्यांच्या पर्समध्ये असतो. एका तरुणाने त्यांना सांगितलं, 'काकू, अर्धवट मारून काही उपयोग नाही, पूर्ण खाली बसा.' तो वाईट मुलगा नाही, मनापासून सांगत होता. काकूंनी रॅक सोडला आणि त्या सायकलवर जाऊन बसल्या. त्या दिवसाचा व्यायाम, जो त्यांच्या गुडघ्यासाठी मोजूनमापून ठरवलेला होता, तिथेच संपला. त्या मुलाला कागद माहीत नव्हता, ऑपरेशन माहीत नव्हतं, आणि ते कळण्यासाठी लागला असता फक्त एक प्रश्न. एका हाताने कमी वजन उचलणाऱ्या मुलाचा खांदा कधीतरी निखळलेला असतो. नेहमीपेक्षा निम्म्या वजनावर काम करणाऱ्या मुलीने तो आठवडा मुद्दाम हलका ठेवलेला असतो. बाहेरून हे सगळं आळस किंवा अज्ञान वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जिममध्ये फिरणारे पुष्कळ सल्ले शिळे आहेत. स्क्वॉट मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये, हे मी जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं काही ऐकलेलं नाही. त्याच्याच जोडीची खोल बैठकीविषयीची भीती पसरवण्यात अमेरिकेतल्या कार्ल क्लाइन यांचा मोठा वाटा होता. टेक्सास विद्यापीठातल्या या संशोधकाने १९६१ च्या सुमारास मांडलं की खोल स्क्वॉटमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात. नंतरच्या अभ्यासांतून ते टिकलं नाही, पण भीती टिकली. गुडघे अडवल्यावर नेमकं काय होतं हे २००३ मध्ये अँड्र्यू फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून बघितलं. सात पुरुषांना दोन प्रकारे स्क्वॉट मारायला लावले. एकदा मोकळेपणाने, आणि एकदा नडग्यांपुढे फळी उभी करून, म्हणजे गुडघे पुढे जाऊच नयेत. फळीमुळे गुडघ्यावरचा टॉर्क सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला. पण खुब्याच्या सांध्यावरचा टॉर्क दहा पटींहून जास्त वाढला, कारण गुडघा पुढे जाईना म्हणून धड पुढे झुकलं. अभ्यास छोटा आहे, पण त्यातली गोष्ट कुणीही आरशात पाहून ताडून बघू शकतं. गुडघा वाचवायला सांगणाऱ्याने तो भार खुब्यावर आणि कमरेवर ढकललेला असतो. उंच माणसाचे, लांब मांड्यांच्या माणसाचे गुडघे पुढे जाणारच. आपल्याकडच्या पैलवानांनी पिढ्यान्‌पिढ्या मारलेल्या बैठकांत गुडघा बोटांच्या कितीतरी पुढे जातो.

जाड्या मुलांच्या वाट्याला येणारा सल्ला ठरलेला: पोटाचे मार, पोट उतरेल. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांकडून २७ दिवसांत ५,००४ सिट-अप्स करून घेतले होते. पोटावरची चरबी इतर जागांच्या चरबीपेक्षा वेगळी अशी काही उतरली नाही. तरीही आमच्या जिममध्ये घामाने निथळणाऱ्या पोराला रोज कुणीतरी मॅटवर झोपवतं. त्या पोराला खरं तर वजनं उचलायला आवडतात. मी बघते ना, डेडलिफ्टच्या वेळी त्याचा चेहरा उजळतो.

आणि बायकांना सांगतात, हलकं उचला, रेप्स जास्त मारा. हे ऐकलं की मला राग येतो, कारण इथे नुकसान हाडांचं आहे. हाडांची तपासणी झाल्यावर मला वजनं उचलायला सांगितलं ते डॉक्टरांनीच. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होत जातात आणि गुलाबी डंबेलने ते थांबत नाही. ऑस्ट्रेलियात 'लिफ्टमोर' नावाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. त्यांतल्या निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस केले. पाच रेप्सचे पाच सेट, आणि वजन एका वेळी उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त. जोडीला उडी मारून पाय आपटत उतरण्याचा व्यायाम. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली. ज्या घरी हलका व्यायाम करत होत्या त्यांची १.२ टक्क्यांनी घटली. पासष्टीच्या बायका होत्या या. आणि एक गोष्ट महत्त्वाची, तो सगळा वेळ प्रशिक्षित माणूस त्यांच्याजवळ उभा होता. त्यांचं वजन त्याने हळूहळू वाढवलं, कुणाचं काय दुखतंय हे त्याला ठाऊक होतं.

इथे मला माझं माहेर आठवतं. मी कोल्हापूरची. भाऊ तालमीत जायचा, मी लहानपणी त्याचा डबा घेऊन दारापर्यंत जायची. आत लाल माती, तिच्यात कालवलेल्या तेला-ताकाचा आणि हळदीचा वास, भिंतीवर मारुतीची तसबीर. आत बोलणं कमी असायचं. नवीन पोर आलं की ते हौदा खणायचं, जोर-बैठका मारायचं, बाकीच्यांच्या लढती बघायचं. वस्ताद त्याच्याकडे बघत असायचे, पण लगेच काही सांगायचे नाहीत. पोराचा दम किती, खांदा कसा, घरी दूध मिळतं का, रात्री झोप होते का, हे सगळं समजून झालं की मग एखादा शब्द. थोरले पैलवान धाकट्यांना शिकवायचे तेही वस्तादांनी सांगितल्यावर. आणि ज्याला शिकवलं त्याचा हात मोडला तर हाड बसवायला कुठे न्यायचं, किती दिवस मातीत उतरू द्यायचं नाही, हे बघायलाही तेच वस्ताद. खासबागेतल्या कुस्तीच्या मैदानात पोर चितपट झालं तर मान खाली घालायची तीही त्यांनीच.

त्या तालमीतलं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मुलींना उंबऱ्याच्या आत पाय ठेवायची मुभा नव्हती, आणि वस्तादांचा शब्द चुकला तरी उलट बोलायची सोय नव्हती. पण सांगणारा निघून जायचा नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण सांगितल्यावर समोरच्याच्या शरीराचं पुढे काय झालं हे बघायला जो थांबणार आहे, त्यालाच सांगायचा अधिकार आहे. जिममध्ये वाटेत थांबून बोलणारा पुढच्या आठवड्यात त्या काकूंच्या गुडघ्याची चौकशी करत नाही.

सल्ल्याची वेळ हाही एक भाग आहे, आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने १९९८ पासून अनेक प्रयोग करून दाखवलं आहे की हालचाल करणाऱ्याचं लक्ष त्याच्या स्वतःच्या अवयवांकडे वळवलं की हालचाल बहुधा बिघडते. गुडघा बघ, कोपर बघ, कंबर बघ असं सांगण्यापेक्षा 'जमीन पायाने खाली दाब' असं सांगितलेलं शरीराला लवकर कळतं. चांगला ट्रेनर हे अनुभवाने जाणतो. तो सेट संपू देतो, पाणी पिऊ देतो, मग एकच गोष्ट सांगतो. चालू सेटमध्ये तीन अवयवांची नावं घेणारा माणूस बरोबर बोलत असला तरी त्या क्षणी उचलणाऱ्याला कच्चं करत असतो.

यावर मला नेहमी विचारलं जातं, मग काय डोळ्यांदेखत कुणाला पडू द्यायचं? माणुसकी काही आहे की नाही? आपल्याकडे न राहवून सांगण्यात माया असते हे मला पूर्ण मान्य आहे. शेजारणीच्या बाळाचं टोपडं सरळ करणारा हात त्याच मायेचा असतो. आणि धोका दिसला तर थांबूही नये. पण त्या वेळी बोलण्याने फारसं काही होत नाही, हात लागतात. बेंच प्रेसमध्ये रॉड छातीवर येऊन बसला आणि वर जाईना, तर धावत जाऊन तो दोन्ही हातांनी उचलायचा, बोलणं नंतर. रॅकच्या पिना, म्हणजे रॉड अडवणाऱ्या आडव्या दांड्या, खूप खाली लावलेल्या असतील तर सेट सुरू होण्याआधी समोर जाऊन, त्याला दिसेल असं उभं राहून विचारायचं, 'पिना वर घेऊ का?' हो म्हणाला तर घ्यायच्या.

इथेही आपल्याला सगळं कळतं असं धरून चालू नये. एकटा मुलगा पिना नसलेल्या बेंचवर प्रेस मारतोय, रॉडला लॉक लावलेले नाहीत. जाणारा-येणारा काळजीने म्हणतो, 'भावा, लॉक लाव, प्लेटा पडतील.' प्लेटा पडाव्यात म्हणूनच त्याने लॉक काढून ठेवलेले असतात. अडकला तर रॉड एका बाजूला कलंडवून वजन खाली टाकता यावं आणि मान सुटावी, एवढीच त्याची सोय असते. काळजीपोटी लॉक लावून देणारा तीच सोय काढून घेतो.

जिममध्ये मदतीची एक सुंदर पद्धत आधीच आहे आणि तिचं मला फार कौतुक वाटतं. 'स्पॉट देणार का?' असं एकजण विचारतो. दुसरा विचारतो, किती मारणार, रॉड काढून देऊ का, हात कधी लावू. पहिला सांगतो, आठ मारतोय, मी म्हणेन तेव्हाच हात लाव. मग दुसरा मागे उभा राहतो, हात रॉडच्या खाली पण रॉडला न लागता, आणि सातव्या-आठव्याला हळूच म्हणत राहतो, 'तूच करतोयस, तूच करतोयस.' पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत तर हे नियमातच आहे. पंचांनी सुरुवातीची खूण केल्यापासून शेवटची खूण होईपर्यंत मदतनिसाचा हात रॉडला किंवा खेळाडूला लागला आणि त्याची मदत झाली, तर ती लिफ्ट बाद होते. इतकी तयार माणसं तिथे उभी असतात, खेळाडूचा जीव वाचवायलाच उभी असतात, आणि तरी हात आवरून उभी असतात.

म्हणून जिमच्या मालकांना माझं एक मागणं आहे. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तुम्ही त्याला मशीन दाखवता, डाएटचा कागद देता, पर्सनल ट्रेनिंगचे दर सांगता. त्याआधी अर्धा तास काढून त्याला अडकायचं कसं ते शिकवा. रिकामा रॉड खांद्यावर देऊन खाली बसायला लावा आणि तो पिनांवर ठेवून पुढे सरकून बाहेर यायला सांगा. छातीवर आलेला हलका रॉड पोटावरून मांड्यांकडे घरंगळवत आणून उठून बसायला सांगा. दोन-तीनदा करून घ्या. स्पॉट कसा मागायचा, कुणाकडे मागायचा, तेही सांगा, आणि बायकांना तर आवर्जून सांगा, कारण संकोचापोटी त्या मागत नाहीत. आमच्या जिममध्ये एका नव्या ट्रेनर मुलीने हे स्वतःहून सुरू केलं आहे. सध्या ती हे फक्त सकाळच्या बॅचला शिकवते. संध्याकाळच्या बॅचलाही शिकवायला हवं, गर्दी तेव्हाच असते.