आजारच नाही, तर उपचार कशावर?

मुलगा नोकरीत स्थिरावतो, घरात स्थळे पाहणे सुरू होते आणि एके दिवशी तो धीर करून सांगतो, की आपल्याला मुलींविषयी नव्हे, पुरुषांविषयी ओढ वाटते. कधी एखादी मुलगी असेच काही सांगते. घर हादरते. त्यानंतरचे वाक्य अनेक घरांत सारखेच असते : 'चांगल्या डॉक्टरांना दाखवू.' त्यामागे बहुधा काळजीच असते. पण डॉक्टरांनी यावर काय करावे, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने केव्हाच दिले आहे.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ बाबत निकाल दिला, त्याआधीच भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार नसल्याचे जाहीर केले होते. लैंगिक कलामागे कोणतेही एकच जनुक नाही, हे ४ लाख ७७ हजारांहून अधिक लोकांच्या २०१९ मधील अभ्यासाने दाखवले. संगोपनात चूक झाली म्हणून असे होते, यालाही आधार सापडलेला नाही. तेव्हा 'आमचे काय चुकले?' या प्रश्नाने आईवडिलांनी स्वतःला जाळण्याचे कारण नाही.

तरीही 'बदलून देतो' म्हणणारे भेटतात. गोळ्या, संमोहन, विजेचे झटके असे नाना प्रकार या नावाखाली झाले आहेत. त्यातून कल बदलत नाही. अपराधगंड, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार मात्र वाढतात. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये असे प्रयत्न थांबवण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. 'लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल' हा सल्लाही त्याच माळेतला. त्यात एकाऐवजी दोन आयुष्यांची फरफट होते.

आजार नाही, तर मग समलिंगी व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंता अधिक का आढळतात? संशोधकांचे उत्तर असे, की त्रास कलाचा नसतो. तिरस्काराचा, भीतीचा आणि सततच्या लपवाछपवीचा असतो. सोमवारी कार्यालयात कोणी सहज विचारते, 'काल कोणाबरोबर गेला होतास?' मराठीत क्रियापदही लिंग सांगते. 'तो आला होता' म्हणायचे की 'ती आली होती', हे तोंड उघडण्याआधी तोलावे लागते. दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षे असे तोलत राहिले तर मन थकणारच. स्वतःला स्वीकारणे म्हणजे हे ओझे खाली ठेवणे. ते एकट्याने जमत नाही. घरात निदान एका माणसाने तरी ऐकून घ्यावे लागते.

दुसरा आधार हक्कांचा. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. त्यामुळे रोजच्या व्यवहारातील छोट्या तरतुदींचे मोल वाढते. संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानण्याची सूचनाही झाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लैंगिक कलावरून सेवेत भेदभाव करण्यास मनाई करतो. याच कायद्याच्या कलम १४ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही. प्रश्न आहे तो खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असण्याचा. रुग्णालये, बँका आणि शिधावाटप कार्यालयांनी त्यांना ते शिकवले नाही, तर हे हक्क कागदावरच राहतील.

डॉक्टरांकडे जरूर जावे. पण झोप उडाली, मन खचले, जगणे नको वाटू लागले म्हणून. 'टेली-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक त्यासाठीच आहे. मुलगा गोंधळला असेल तर त्याला समुपदेशन मिळावे आणि आईवडील गोंधळले असतील तर त्यांनाही. फक्त दवाखान्याच्या दारात विचारायचा प्रश्न बदलायला हवा. 'याला बरे कसे करायचे?' असे न विचारता 'याला बरे वाटावे म्हणून आम्ही काय करू?' असे विचारावे.