साडेसातीचा हिशेब

मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे वांगणी स्टेशन आहे. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने तेथे अनेक वर्षे लोकांना रात्र-रात्र आकाश दाखवले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ सालची. नोकरीधंदा सांभाळून हौसेने चालवलेली ही कामे!

अशाच एका आकाशदर्शनाला आम्ही सहकुटुंब गेलो. दुर्बिणीतून शनी दिसला. इवलासा, पिवळसर, भोवती कडे. मुले नाचली. त्यांची आई मात्र दुर्बिणीपासून हलेना. थोरल्याला नोकरी लागत नाही म्हणून, शेजारणीच्या सांगण्यावरून, ती दर शनिवारी तेल वाहत होती. आम्हाला हे तिथे कळले.

तिने कार्यकर्त्याला धीटपणे विचारले, "साडेसाती म्हणजे काय हो?"

तो म्हणाला, "ताई, शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत अडीच वर्षे, तीन राशींत साडेसात. झाला हिशेब! सूर्यापासून १४० कोटी किलोमीटरवरचा तो गोळा तुमच्या पोराची नोकरी कशी अडवणार?"

पुढच्या शनिवारी तेल भाजीच्या फोडणीला गेले. थोरला अजून अर्ज करतोच आहे. पण घरात आता शनीला कोणी बोल लावत नाही.

वाचकहो, जवळपास असे मंडळ असेल तर मुलाबाळांसह जरूर जा. अमावास्येला बाहेर पडू नये म्हणतात ना? तारे पाहायला तीच काळोखी रात्र उत्तम!