दोन पंख्यांचे इंजिन आणि दुरुस्तीचा प्रश्न

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीचा हंगाम भरास आला की मालवाहू गाड्यांची रीघ लागते. मिरची नाशवंत, ती एक दिवस वाटेत रखडली तर नुकसान अखेर शेतकऱ्याच्याच पदरी पडते. अशी भरलेली गाडी अजिंठ्याच्या घाटात एखाद्या वळणावर थांबली आणि तिला पुन्हा हलवावयाचे झाले, म्हणजे जाहिरातीतील अश्वशक्तीचा आकडा किती पोकळ असतो ते चालकास कळते. तो आकडा इंजिन वेगाने फिरत असतानाचा असतो. चालकाला ओढ हवी असते ती अगदी मंद फेऱ्यांवर.

इंजिनाची ताकद त्याच्या श्वासावर अवलंबून असते. जितकी अधिक हवा सिलिंडरमध्ये कोंबावी, तितके अधिक इंधन जळते. ही हवा कोंबण्याचे दोन मार्ग आहेत. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. तो तत्काळ कामाला लागतो, पण इंजिनाची काही शक्ती स्वतःच खातो. टर्बोचार्जर बाहेर फुकट जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो. त्याची मजुरी जवळजवळ काहीच नाही; तथापि धूर मंद असेल तोवर तो आळसावलेला असतो, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी चालकाला ताटकळत ठेवतो.

मग दोन्ही एकत्र का जोडू नयेत? इटलीच्या लान्शिया कंपनीने 1985 साली ‘डेल्टा एस4’ या शर्यतीच्या मोटारीत ते करून दाखविले. इंजिन अवघे 1759 घनसेंटिमीटरचे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पहिल्याच स्पर्धेत, इंग्लंडच्या आरएसी रॅलीत, ती पहिली आली. पुढे निसानने जपानमध्ये 930 घनसेंटिमीटरच्या छोट्या मोटारीत हा प्रयोग केला, तर फोक्सवॅगनने 2005 पासून 1.4 लिटरच्या इंजिनातून 170 अश्वशक्ती काढली. खाली सुपरचार्जर, वर टर्बो, मध्ये चुंबकीय क्लच आणि हवेची वाट बदलणारी झडप, अशी ती रचना होती. कल्पना देखणी होती यात शंका नाही. पण भाग वाढले, किंमत वाढली, आणि हलक्या, चपळ टर्बोने तेच काम बरेचसे एकट्याने करावयास आरंभ केल्यावर 2012 नंतरच्या इंजिनांतून फोक्सवॅगननेच ही जोडी हळूहळू काढून टाकली.

म्हणून ही कल्पना फसली असे म्हणावे काय? मुळीच नव्हे. ती आपल्याच रेल्वेत निराळ्या वेषात नांदते आहे. जुन्या अल्को इंजिनाने गाडी हलविताच उठणारा काळाकुट्ट धुराचा लोट मनमाड-जालना मार्गावरील जुन्या प्रवाशांना आठवत असेल. टर्बो जागा होण्यापूर्वीच इंधन पुढे धावल्याची ती खूण होती. 1999 पासून भारतात आलेल्या जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांत मात्र टर्बोलाच दंतचक्रे जोडलेली असतात. इंजिन मंद असताना ते टर्बोला स्वतः फिरविते. धुराचा जोर वाढला की क्लच सुटतो आणि टर्बो धुरावर स्वतंत्र पळतो. हे इंजिन दोन-घाती असल्याने हवेवाचून ते सुरूच होऊ शकत नाही, म्हणून ही सोय क्रमप्राप्त होती. परंतु ती टिकली याचे श्रेय केवळ अभिकल्पकाला देता येणार नाही. प्रत्येक इंजिनामागे एक शेड असते, ठरलेल्या मुदतीची तपासणी असते आणि त्याच कामात तयार झालेले कारागीर असतात.

मोटारीच्या मालकामागे यांपैकी काय असते? 1 एप्रिल 2020 पासून भारत-6 प्रदूषण मानके लागू झाल्यावर बहुतेक मालवाहू डिझेल गाड्यांत टर्बो आढळतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा हा पंखा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आल्याबरोबर चावी फिरवून इंजिन बंद केले की तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या धुऱ्यावर उरलेले तेल जळून चिकटते. एखादा मिनिट इंजिन मंद चालू ठेवले तर हे टळते. इतकी साधी गोष्ट गाडी विकताना किती जणांना समजावून दिली जाते? एका पंख्याची ही कथा. तिथे दोन पंखे, क्लच आणि झडपा घेऊन गावात फिरणाऱ्याने काय करावे?

ग्रामीण भागासाठी इंजिन निवडताना मंद फेऱ्यांवरील ओढ किती, आणि बिघडल्यास तालुक्याच्या ठिकाणी ते कोण उघडणार, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. विक्रेत्यांनी माहितीपत्रकात 1500 फेऱ्यांवरची ओढ ठळकपणे मराठीत छापावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत टर्बोची आकृती फळ्यावर काढून भागणार नाही. मधोमध कापलेला खरा टर्बो विद्यार्थ्याच्या हाती दिला गेला पाहिजे. मोडीत निघालेले टर्बो भंगारवाल्यांकडे पडून असतात. त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.