फोन माझा, वाय-फाय कॉलेजचं

प्रवेश आटोपले की मोहल्ल्यातली मुलं-मुली फोन घेऊन माझ्याकडे येतात. तक्रार एकच असते, "भाईजान, कॉलेजचं वाय-फाय लागत नाही." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे हे मला जमायलाच हवं असा सगळ्यांचा समज. बहुतेक वेळा जमतंही. अँड्रॉइड 10 आणि आयफोनच्या आयओएस 14 पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस न देता वेगळाच एक देतो. कॉलेजच्या अर्जात तुम्ही लिहिलेला असतो खरा, नेटवर्कला दिसतो दुसराच. त्या एका नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फोनचा मॅक वापरा' हे निवडलं की काम होतं. दोन मिनिटांचं काम आहे.

पण काही अडचणी सेटिंगने सुटत नाहीत, कारण त्या फोनमध्ये नसतात, नियमांत असतात.

एका कॉलेजचा अर्ज मी पाहिला. विद्यार्थ्याला एकच उपकरण जोडता येईल, तेही लॅपटॉप. सोबत खरेदीची पावती आणि पालकांची सही. आता ज्या घरात लॅपटॉपच नाही तिथल्या मुलीने काय करायचं? आपल्या कितीतरी घरांत तिच्या हाती असतो तो भावाने वापरून दिलेला फोन. पावती कुठून आणणार? त्याच फोनवर ती शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते, एनपीटीईएलची व्याख्यानं ऐकते आणि दिवसाचा डेटा संपला की मैत्रिणीचा हॉटस्पॉट मागते. म्हणजे ज्यांना कॉलेजच्या वाय-फायची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्यांनाच नियम बाहेर ठेवतो. बऱ्याच ठिकाणी इंटरनेटचे पैसे फीमध्ये आधीच घेतलेले असतात, ते वेगळंच.

"रात्री मुलींना नेट कशाला?" हा प्रश्न कॉलेजं विचारतात आणि, खरं सांगायचं तर, आपल्या घरांतही विचारला जातो. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या होस्टेलमध्ये मुलींचे फोन रोज ठरावीक वेळ काढून घेतले जात. फहीमा शिरीन या बी.ए.च्या विद्यार्थिनीने ते मानलं नाही, तेव्हा तिला होस्टेलबाहेर काढलं. ती केरळ उच्च न्यायालयात गेली आणि 19 सप्टेंबर 2019 रोजी जिंकली. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांवर तो निकाल थेट बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा दाखला जरूर देता येतो. आपल्यातल्याच एका मुलीने मिळवलेला हा निकाल आपल्या किती मुलींना माहीत आहे?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आणि कमी बोलली जाणारी. काही कॉलेजं वाय-फायसाठी फोनमध्ये एक सर्टिफिकेट टाकायला सांगतात. मुलं काही न विचारता टाकतात. इथे थांबा. सर्टिफिकेट दोन प्रकारची असतात. एक, समोरचं नेटवर्क खरोखर कॉलेजचंच आहे ना हे फोनला ओळखता यावं म्हणून. अँड्रॉइडमध्ये ते 'वाय-फाय सर्टिफिकेट' म्हणून टाकता येतं. ते चांगलंच आहे. त्याशिवाय जोडलंत तर त्याच नावाचा हॉटस्पॉट उभा करून कुणीही तुमचा पासवर्ड काढायचा प्रयत्न करू शकतो. दुसरं 'सीए सर्टिफिकेट' म्हणून टाकायचं असतं आणि ते टाकताना तुमचा डेटा खासगी राहणार नाही, असा इशारा फोन स्वतःच देतो. तो खोटा नसतो. असं सर्टिफिकेट असेल तर कॉलेजच्या फायरवॉलला तुमच्या ब्राउझरमधली कुलूपबंद पानंही उघडून वाचता येतात. ते नसेल तर तुम्ही कोणत्या साइटवर किती वेळ होता एवढं साधारण कळतं, तिथे काय वाचलं, काय लिहिलं ते कळत नाही. कॉलेजने स्वतःच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काय हवं ते टाकावं. माझ्या खिशातला फोन कॉलेजच्या मालकीचा नाही. त्यात अम्मीचे दवाखान्याचे रिपोर्ट आहेत, बहिणीच्या लग्नाची बोलणी आहेत. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये सांगितलं, ते कॉलेजच्या गेटपाशी संपत नाही.

कॉलेजने नोंदी ठेवू नयेत असं मी म्हणत नाही. कोणत्या लॉगिनवरून, कोणत्या उपकरणाने, किती वाजता नेट वापरलं, ही नोंद ठेवावीच लागते. म्हणूनच एक गोष्ट आपल्या पोरांना बजावून सांगतो : लॉगिन कुणालाही देऊ नका, जिगरी दोस्तालाही नाही. दोस्तीत पासवर्ड वाटायची आपल्याकडे फार सवय. दुसऱ्याने तुमच्या नावावर जाऊन कसली पोस्ट टाकली तर नोंदीत नाव तुमचंच निघेल. आजच्या हवेत आपल्या नावाच्या मुलाला "तो मी नव्हेच" हे पटवून द्यायला किती जड जातं, ते मी वेगळं सांगायला नको. दिला असेल तर आज बदला.

कॉलेजला मात्र प्रश्न लेखीच विचारा. फोन का जोडू देत नाही? सर्टिफिकेट कसलं आहे, त्यातून काय वाचलं जातं? नोंदी किती दिवस ठेवता आणि कुणाला दाखवता? अर्ज एकट्याने देऊ नका. लॅपटॉप नसलेली मुलं प्रत्येक वर्गात आहेत, गणेशही आहे आणि सलमाही. सगळ्यांच्या सह्या घ्या, अर्ज प्राचार्यांच्या नावे कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.