समुद्राला विश्रांती, शेताला का नाही?

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस कफ परेडच्या मच्छीमार नगरातील यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. मासळीच्या विणीच्या काळात समुद्रात जाळे टाकू नये, असा सरकारी हुकूम आहे. पण हुकूम निघण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विश्रांती देत आला आहे. नेमक्या याच दिवसांत बंदरापलीकडच्या रायगड जिल्ह्यात भाताची लावणी चालते. जी उसंत समुद्राला मिळते ती भाताच्या खाचराला मात्र मिळत नाही. मुंबईकराच्या ताटात मासळी आणि भात शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या भवितव्याचा विचारही एकत्रच व्हावयास हवा, म्हणून हा विषय आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

कोकणातील भातशेतीची रूढ रीत मोठी कष्टाची आहे. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून राब भाजावयाचा, पावसाबरोबर नांगर घालावयाचा, चिखलणी करावयाची आणि मग दिवस दिवस कमरेत वाकून रोपे लावावयाची. शेतकरी अडाणी आहे म्हणून राब भाजतो, असे समजणाऱ्या शहरी पंडितांनी हे ध्यानात ठेवावे की, त्यामुळे तणाचे बी जळते आणि राखेतून रोपांना खत मिळते. परंतु त्यापायी डोंगर उघडे पडतात, जे शेण मातीत जावयाचे ते धुरात जाते आणि चिखलणीने मातीची घडण मोडून तिचा कस पावसाबरोबर वाहून जातो. शिवाय साचलेल्या पाण्याखाली हवेविना कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन वायू निघतो. मानवी व्यवहारातून हवेत जाणाऱ्या मिथेनचा सुमारे दहावा हिस्सा जगातील भातखाचरांचा आहे.

यावरचे उपाय शोधण्यास फार दूर जावयास नको. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धत कोकणाच्या परिचयाची आहे. भाताचा पेंढा व तुसाची राख मातीला परत करणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात गाडणे, ठराविक अंतरावर थोडी रोपे लावणे आणि चार चुडांच्या मध्ये खताची गोळी खोल पुरणे, ही ती चार सूत्रे होत. खत वरून फेकले तर ते पाण्याबरोबर नदीला मिळते. मुळाशी पुरले तर पिकाला मिळते, इतका हा हिशेब सरळ आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या पद्धतीत कायमचे गादीवाफे असतात. नांगर नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. लोखंडी साच्याने भोके पाडून त्यांत बी टोकावयाचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यावयाची. ती कुजतात, गांडुळे वाढतात, आणि त्याच वाफ्यांवर पुढे वाल किंवा हरभरा घेता येतो. शेताची विश्रांती म्हणतात ती हीच.

मात्र कौतुकाच्या भरात या पद्धतीतील उणीव झाकणे आम्हास मान्य नाही. नांगर थांबला की तण माजते, आणि ते मारण्यासाठी या पद्धतीत तणनाशकाचा आधार घेतला जातो. कर्जत-नेरळच्या शेतांतील पाणी उल्हास नदीवाटे वसईच्या खाडीत उतरते, आणि खाडी ही तर कोळंबीची व कितीतरी माशांच्या पिलांची पाळणाघरे. मातीला विसावा देताना पाण्यात विष जाणार असेल तर शेतकऱ्याचे भले होताना कोळ्याचे नुकसान व्हावयाचे. तेव्हा तणनाशकाविना ही पद्धत यशस्वी कशी होईल, हा आजचा खरा प्रश्न आहे. आच्छादन, मजुराला वाकावे लागणार नाही अशी कोळपी, हिरवळीची खते, हे मार्ग आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ते शेतकऱ्याच्या बांधावर सिद्ध करून दाखवावेत.

परदेशी उपायांचीही पारख झाली पाहिजे. मादागास्करमध्ये फादर लॉलानी यांनी १९८०च्या दशकात विरळ लावणीची आणि कमी पाण्याची रीत प्रचारात आणली. खाचर आलटून पालटून भिजवावे व सुकवावे, म्हणजे मिथेन पुष्कळच घटतो, असा शास्त्रज्ञांचा अनुभव आहे. पण जेथे आषाढात दिवसचे दिवस पाऊस उघडत नाही तेथे खाचर सुकवावयाचे कसे? कोकणाला कोकणाच्याच पावसाचे शास्त्र हवे.

शेवटी मुद्दा उरतो तो जोखमीचा. समुद्राच्या विश्रांतीची किंमत कोळी कुटुंबे दरवर्षी बहुतांशी आपल्या संसारातून मोजतात. शेताच्या विश्रांतीची किंमतही एकट्या अल्पभूधारकानेच मोजावी, असे म्हणणे न्यायाचे नव्हे. नवी रीत धरणाऱ्याचे पीक पहिल्या दोन हंगामांत घटले तर ती तूट सरकारने भरून द्यावी, अवजारे गावागावांत भाड्याने उपलब्ध करावीत आणि असा तांदूळ रास्त भावाने खरेदी करावा. आम्हा शहरवासीयांचाही यात वाटा आहे. पांढराशुभ्र, घासून गुळगुळीत केलेला तांदूळ स्वस्तात हवा, आणि माती, नदी व खाडी शाबूत राहावी, हे दोन्ही एकदम मागता येत नाही. कोळ्याने जाळे आवरले म्हणून मासळी टिकते, हे मुंबईला पटले आहे. तोच नियम मातीलाही लागू आहे, हे तिने आता ओळखावे.