पळस्प्याची वीणा

मालवणी मुलखांतून मुंबईस जाणाऱ्या माणसाला पळस्पे हें नांव अपरिचित नाहीं. पनवेलजवळचा हा फाटा आला कीं कोंकणची वाट संपली असें समजून आपण सामान आवरूं लागतों. परंतु याच पळस्प्यास रुद्रवीणेचें एक गुरुकुल आहे, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तें उभारणारे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचें चरित्र प्रत्येक कुटुंबानें विचारांत घ्यावें असें आहे. म्हणून या महिन्याचें आमचें टिपण त्यांच्याविषयीं.

वीणेची थोरवी आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. वीणावादनाचें तत्त्व जाणणाऱ्यास मोक्षमार्ग अनायासें लाभतो, असें याज्ञवल्क्यस्मृति म्हणते. तेराव्या शतकांत आपल्याच देवगिरीस, यादव सिंघणाच्या आश्रयास राहून, शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचिला; त्यांतील सबंध एक अध्याय वाद्यांचा असून त्यांत अनेक वीणांचीं वर्णनें आहेत. पुढें उत्तरेकडे रुद्रवीणा, म्हणजेच बीन, रूढ झाली. एक पोकळ दांडी, तिच्याखालीं दोन भोपळे, वर पडदे, चार मुख्य तारा आणि बाजूस चिकारीच्या तारा, असें तिचें रूप. ती ध्रुपदाची सोबतीण. ख्यालाचा आणि सतारीचा काळ आला, तशी ती मागें पडली.

युरोपांत ल्यूट नांवाच्या तंतुवाद्याची याहूनही वाईट गत झाली. अरबांच्या 'ऊद' वाद्यापासून त्याला नांव व रूप मिळालें. राजवाड्यांतून तें मिरवलें. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांतून गेलें. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या आर्नोल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) या गृहस्थानें तें पुनः उठविण्यास आरंभ केला. जुनीं हस्तलिखितें वाचून त्यानें १८९३ सालीं स्वतः ल्यूट घडविलें, आपल्याच बायकामुलांचा प्राचीन वाद्यांचा मेळ बसविला, आणि १९२५ सालीं हॅझलमिअर येथें वार्षिक उत्सव सुरू केला. उद्योग धन्य खरा. परंतु कागदावर खुणा सांपडतात, गुरूचा हात सांपडत नाहीं. जें समोर बसून एका बैठकींत कळावें, तें त्यास तर्कानें जुळवावें लागलें.

आपल्याकडे बीनेचा धागा तुटला नाहीं, तो ज्या थोड्या घराण्यांमुळें, त्यांत डागर घराणें मोठें. झिया मोहिउद्दीन यांचा जन्म १९२९ सालीं उदयपुरास झाला. वडील झियाउद्दीन खाँ महाराण्यांच्या दरबारीं होते. या घराण्याची विद्या मुख्यतः गळ्याची. बीन वाजवीत ती स्वरसाधनेस साह्य म्हणून, घरच्या घरीं. आलापाचीं अक्षरें नारायणाच्या नाममंत्रांतून आलीं, असें हे मुसलमान गायक सांगत आले आहेत, हेंही येथें नमूद करण्याजोगें आहे. झिया मोहिउद्दीन यांनीं घरांतली ही बीन मैफलींत आणिली.

येथें त्यांचें धैर्य दिसतें. डागरांचा आलाप अत्यंत संथ. एकेका स्वराच्या पोटांतील श्रुति त्यांत ऐकूं यावयास हव्यात. त्या बीनेवर उमटाव्या म्हणून त्यांनीं कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्यांत मोठ्या भोपळ्यांची, जाड तारांची नवी वीणा करविली. ती जड झाली. जुने बीनकार एक भोपळा डाव्या खांद्यावर घेत. यांनीं तो मांडीवर घेतला. बोटांतील नखीही सोडली. जुन्याचा एवढा अभिमानी मनुष्य जुन्या वाद्यास हात कसा लावतो, असें कोणी विचारील. आमच्या मतें त्यांनीं पात्र बदललें तें आंतील वस्तु सांडूं नये म्हणून. पात्र तसेंच ठेवून वस्तु सांडूं देणारे अभिमानी आपण नित्य पाहतों.

दुसरें धैर्य याहून मोठें. जी विद्या घराण्यापुरती होती, ती त्यांनीं परक्यांस दिली. अमेरिकेंत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठांत त्यांनीं शिकविलें. पळस्प्यास शिष्य येऊन राहूं लागले. धाकटे बंधु झिया फरीदुद्दीन (१९३२–२०१३) यांनीं भोपाळच्या ध्रुपद केंद्रांत गायन शिकविलें; पुण्यांत विद्यादान करणारे उदय भवाळकर हे या दोघां बंधूंचे शिष्य. १९८१ सालीं संगीत नाटक अकादमीनें झिया मोहिउद्दीन यांचा गौरव केला. १९९० सालीं ते वारले. चिरंजीव बहाउद्दीन तेव्हां अवघे वीस वर्षांचे. परंतु पुढचें शिक्षण द्यावयास काका होते. ते स्वतः आज नांवाजलेले बीनकार आहेत.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. ध्रुपदाची साथ करणारा पखवाज आमच्या मसुऱ्यासारख्या गांवीं भजनांतही वाजतो. पण कित्येक घरांतून तो खुंटीला टांगलेला आहे, आणि वाजविणारे हात सत्तरीपलीकडचे आहेत. कोणाकडे मंत्रपठणाची विशिष्ट धाटणी आहे, कोणाच्या आजीकडे जात्यावरच्या ओव्यांची चाल. मुलगे नोकरीसाठीं दूर. आणि शेजारचा मुलगा शिकूं म्हणतो, तर तो आपल्यांतला नव्हे. अशा वेळीं पळस्प्याचें स्मरण करावें. चाल जाणणारें माणूस समोर आहे तोंवर एका दुपारचें काम आहे. तें गेल्यावर आपल्या नातवंडांस डोल्मेचप्रमाणें कागद उलटावे लागतील, आणि आपल्या घरीं तर बहुधा कागदही नाहींत.